शॅक, सन्स आणि सात सेकंद: दुखऱ्या खुब्याचा सेंटर पळणाऱ्या टीमला चालतो का?

बेंचवरचा (धागाकर्ता)

आमच्या सोसायटीच्या बास्केटबॉल टीमचा सेंटर (रिंगजवळ खेळणारा सगळ्यात उंच माणूस) घोटा मुरगळून बसलाय आणि त्याला येत्या रविवारी खेळवायचा की नाही यावरून ग्रुपवर रण पेटलंय. टीम सगळी चिमुकली, नुसती पळते. हा एकटा सहा फूट तीन इंच. वाद वाचता वाचता मला २००८चा फेब्रुवारी आठवला, म्हणून धागा काढतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फिनिक्स सन्स ही तेव्हा एनबीएतली सगळ्यात बघणेबल टीम. कोच माइक डँटोनी, पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल घेऊन टीम चालवणारा, स्टीव्ह नॅश. शॉट क्लॉक, म्हणजे शॉट मारायला मिळणारा वेळ, २४ सेकंदांचं असतं, पण यांचा हिशोब पहिल्या सातेक सेकंदांत शॉट मारून मोकळं व्हायचा. समोरचे अजून आपला माणूस शोधतायत तोवर बॉल रिंगमधून खाली. २००४-०५ला या पद्धतीने त्यांनी ६२ सामने जिंकले, नॅश लागोपाठ दोनदा एमव्हीपी (मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू) झाला.

आणि ६ फेब्रुवारी २००८ला, ३४ विजय १४ पराभव अशा झकास स्थितीत असताना, या लोकांनी शॉन मॅरियन आणि मार्कस बँक्स मायामीला देऊन सेंटर शकील ओनील, म्हणजे शॅक, आणला. महिन्याभरात छत्तीस पूर्ण होणार, खुबा दुखावलेला, कागदोपत्री वजन १४७ किलो, आणि पुढची दोन वर्षं प्रत्येकी २ कोटी डॉलर पगार. मायामीत त्या मोसमात त्याचे ३३च सामने झाले होते.

माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही तेच आहे. टपरीवर कटिंग मारून पळणाऱ्या गिऱ्हाइकांना पंगतीला बसवायचा हा प्रकार होता. तुम्हाला काय वाटतं?

---

पेठेतला

धागाकर्ते, पंगतीची उपमा छान आहे, पण आधी हे सांगा की कटिंग मारून त्यांनी नेमकं काय मिळवलं होतं? २००५ला कॉन्फरन्स फायनलमध्ये (एनबीएच्या पश्चिम विभागाची, म्हणजे वेस्टची, अंतिम लढत) सॅन अँटोनिओ स्पर्सकडून ४-१. २००७ला पुन्हा स्पर्स, ४-२. (हो, माहितीये. रॉबर्ट हॉरीने नॅशला टेबलावर ढकललं, बेंचवरून उठले म्हणून आपले स्टाउडमायर आणि डियाव एका सामन्याला बाहेर. ते रडगाणं आमचंही पाठ आहे.) स्पर्सच्या टिम डंकनला आत, रिंगजवळ, अडवायला माणूसच नव्हता. त्यात या सौद्याच्या पाचच दिवस आधी लेकर्सनी पाऊ गॅसोल उचलला. म्हणजे वाटेत दोन-दोन डोंगर. जनरल मॅनेजर स्टीव्ह कर हा स्वतः स्पर्सकडून खेळून चॅम्पियनच्या अंगठ्या घेतलेला माणूस, त्याला वाटणारच की आत वजन हवं.

शिवाय मॅरियन आधीपासून कुरकुरत होता, त्याला जायचंच होतं.

आणि नंतर टीम कोसळली असं जे सगळीकडे छातीठोक सांगतात ना, ते जरा आकडे बघून बोला. मोसम संपताना सन्स ५५-२७. वेस्टमध्ये सहावे, हे खरं. पण तिसऱ्या नंबरचे स्पर्स ५६-२६ होते आणि पहिल्या नंबरचे लेकर्स ५७-२५! आठव्या टीमचेसुद्धा ५० विजय होते. अख्खं वेस्ट एका खिडकीत उभं होतं.

---

टेंपीकर

मी तेव्हा ॲरिझोना स्टेटला एमएस करत होतो. टेंपीहून अरिना जवळ, पण तिकीट विद्यार्थ्याच्या खिशाला लांब. तरी मित्राच्या कृपेने मार्चमध्ये एक सामना अगदी वरच्या रांगेतून पाहिला. त्या उंचीवरून माणसं बुद्धिबळाच्या सोंगट्यांएवढी दिसतात, पण टीव्हीवर जे कळत नाही ते तिथून कळतं. कोण कुठे *नाहीये* ते.

एक दृश्य डोक्यातून जात नाही. शॅकने रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल) घेतला, दोन्ही कोपर बाहेर काढून. बॉल नॅशला दिला. नॅश सुटला, राजा बेल एका कोपऱ्यात, कडेने पळणारा दुसरा एक जण दुसऱ्या कोपऱ्यात, स्टाउडमायर मधून. चौघं घरी पोचले आणि पाचवा अजून रिक्षा शोधतोय. नॅश रिंगखालून बॉल आपटत आपटत पलीकडे निघाला, वळून बाहेर आला, आणि चक्क थांबला. शॅक अर्ध्या कोर्टच्या रेषेवर. एका हाताने शॉर्ट वर ओढत जॉग करतोय. तेवढ्या वेळात समोरचे पाचही जण जागेवर उभे.

पण एक सांगू? लोक खूश होते. शॅकचं पब्लिकला वेडच होतं. २० फेब्रुवारीला त्याचा पहिला सामना लेकर्सशी झाला, १३०-१२४ने हरले, त्याने १५ पॉइंट आणि ९ रिबाउंड केले, आणि दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये हरल्याचं कुणाला काही नव्हतं.

---

नाक्यावरची

मी बास्केटबॉल शाळेत खेळलेय तेवढंच, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटेल. सेंटर मागे राहिला तर राहू दे की. चार जण पळतील, स्कोअर करतील. तो रिबाउंडपुरता. का नाही चालत?

---

गुडघा_उजवा

@नाक्यावरची, प्रश्न बाळबोध अजिबात नाही ताई, मुळातला आहे. यावर मी बोलतो, कारण मी तोच मागे राहणारा सेंटर आहे. नाशिकला कॉलेजकडून खेळायचो, सिमेंटचं कोर्ट, उजव्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं. आठ महिन्यांनी परत उभा राहिलो.

सगळ्यांना वाटतं, दुखापत झाली की पळता येत नाही. पळता येतं हो! सरळ रेषेत मी पहिल्या आठवड्यातच पळत होतो. येत नाही ते *थांबणं*. आणि थांबून आडवं सरकणं. पोस्टमध्ये (रिंगजवळच्या जागेत) पाठीवर माणूस घेऊन एका पायावर वळणं जमतं, कारण तिथे वेग आपल्या हातात असतो. पण समोरचा गार्ड पिक घेऊन (म्हणजे त्याच्या सोबत्याने आपल्या माणसाची वाट अडवली की तिथून सुटून) तुमच्या अंगावर आला की दोन पावलं बाहेर या, एक पाऊल बाजूला, परत आत. ही तीन पावलं मारतात. मेंदू हुकूम देतो आणि गुडघा म्हणतो, अर्ज करा, बघू.

आता २००८ची पहिली फेरी आठवा. पुन्हा स्पर्स. तिसऱ्या सामन्यात टोनी पार्करने ४१ पॉइंट मारले. काय करत होता तो? पिक अँड रोल. डंकन पिकला यायचा, शॅक खाली रिंगजवळ उभा, आणि मधली सगळी जागा पार्करला आंदण. हल्ला करताना सेंटर मागे राहिला तर चार जण चालवून नेतील, बरोबर. पण बचावात चार जणांना पाच जागा राखाव्या लागतात.

---

डावखुरी

गुडघा_उजवा यांच्याशी शंभर टक्के सहमत, पण सगळे जण आला कोण तेच बघताय. *गेला कोण* ते कुणी बघेल का?

पार्करला आधी कोण धरायचं? मॅरियन. डॅलसच्या नोवित्स्कीला? मॅरियन. तो सहा फूट सात इंचाचा माणूस गार्डपासून मोठ्या फॉरवर्डपर्यंत कुणालाही धरायचा, वर दहाएक रिबाउंड काढायचा, आणि त्याच्यासाठी एकही प्ले (ठरवलेली चाल) आखावा लागायचा नाही. स्टाउडमायरसारखा बचावात ढिला माणूस सेंटरला खेळवणं डँटोनीला परवडायचं ते मॅरियन होता म्हणून. स्वयंपाकघरात कसं असतं, पाहुणे भाजीचं कौतुक करतात, कणीक कुणी मळली ते कुणी विचारत नाही. सन्सनी कणीक मळणारी बाई काढली आणि मोठा हंडा विकत घेतला.

हाच मॅरियन २०११ला डॅलसकडून चॅम्पियन झाला. तिथेही सगळा उजेड नोवित्स्कीवर होता.

म्हणून माझ्या मते प्रश्नच चुकीचा मांडलाय. दुखऱ्या शॅकऐवजी ठणठणीत सेंटर आणला असता आणि किंमत मॅरियनच असती, तरीही तो डाव तिथेच संपला असता.

---

बेंचवरचा (धागाकर्ता)

@डावखुरी, निम्मं मान्य. निम्मं अशासाठी की शॅकचा पगार जुळवायला तेवढ्याच वजनाचा करार द्यावा लागणार होता, आणि नॅश-स्टाउडमायर सोडले तर तो मॅरियनकडेच होता. म्हणजे ‘शॅक आणणं’ आणि ‘मॅरियन जाणं’ या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच. मोठा जायबंदी तारा तुम्हाला एकटा मिळत नाही, तो सोबत हिशोबाची वही घेऊन येतो.

@पेठेतला, २००८च्या त्या स्पर्स मालिकेतल्या पहिल्या सामन्यात मात्र नशीबही फाटकं होतं हे मी मान्य करतो. सोळा पॉइंटची आघाडी घालवली, स्पर्सच्या फिनलीने शेवटी थ्री (लांबून तीन पॉइंटचा शॉट) मारून ओव्हरटाइम आणला, आणि मग डंकनने, ज्याने अख्ख्या मोसमात एक थ्री घातला नव्हता, त्याने थ्री घालून दुसरा ओव्हरटाइम आणला! शेवटी त्यांच्याच जिनोबिलीने संपवलं. ११७-११५. मी तेव्हा सोफ्यावरची उशी फेकली ती देवघरातल्या समईला लागली होती. मालिका ४-१.

---

पांढरीमिशी

तुम्ही पोरं सगळे शॅकवर अडकलाय. जरा मागे चला. पळणारी टीम आणि जखमी सेंटर म्हटलं की बिल वॉल्टन आठवल्याशिवाय चर्चा पुरी होत नाही.

१९७७चे पोर्टलँड ट्रेल ब्लेझर्स. कोच जॅक रॅम्झी. ती टीमही पळायची, आणि पळायची ती सेंटरच्या *जोरावर*. वॉल्टन रिबाउंड घेऊन खाली उतरायच्या आधी हवेतच मान वळवायचा आणि पाय टेकेस्तोवर बॉल अर्ध्या कोर्टला गेलेला असायचा. याला आउटलेट पास म्हणतात. त्याला स्वतःला पळायची गरजच नव्हती, बॉल पळायचा. चॅम्पियन झाले.

पुढच्या वर्षी ५० विजय, १० पराभव इथपर्यंत आले आणि त्याचं पाऊल गेलं. मग काय झालं? उरलेल्या २२पैकी ८ जिंकले. प्लेऑफला त्याला उभा केला, दुखणं मारायचं इंजेक्शन देऊन. दुसऱ्या सामन्यानंतर कळलं की पावलातलं हाड मोडलंय. पुढचं वर्ष तो खेळलाच नाही, आणि त्यानंतरही पूर्णच्या पूर्ण मोसम वाया गेले.

आता दुसरी बाजू. १९८५-८६. तोच माणूस, वय तेहतीस, पावलांची चाळण झालेली. बॉस्टन सेल्टिक्सनी त्याला घेतला आणि बेंचवर बसवला. रॉबर्ट पॅरिश सुरुवातीला, हा मागून, सामन्याला जेमतेम वीस मिनिटं. जो आयुष्यात कधी ८२ पैकी सत्तरच्या पुढे गेला नव्हता तो ८० सामने खेळला, सर्वोत्तम सहाव्या खेळाडूचं बक्षीस घेतलं, टीम ६७-१५ आणि चॅम्पियन. त्याच्या पुढल्या मोसमात दहा सामने आणि खेळ खलास. पण ते एक वर्ष मिळालं ना.

माणूस तोच, दुखणं तेच. १९७८ला अख्खं घर त्याच्या खांबावर होतं, १९८६ला तो माडीची खिडकी होता.

---

टेंपीकर

@पांढरीमिशी काका, दंडवत. आउटलेट पासचा मुद्दा सॉलिड आहे. शॅककडेही पास होता खरं तर, पण डबल टीम झाल्यावर (दोघांनी घेरल्यावर) पोस्टमधून बाहेर देण्याचा. रिबाउंड घेऊन लांब फेकायची त्याची सवय नव्हती.

---

फिजिओगिरी

या बाजूने कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. सन्सच्या त्या सौद्यात एक वैद्यकीय जुगार होता, आणि तो जुगार ते *जिंकले*. त्यांचा ट्रेनर ॲरन नेल्सन आणि त्याची टीम तेव्हा नावाजलेली होती. ग्रँट हिल आठवा, घोट्यापायी त्याची सोन्यासारखी वर्षं गेली होती, तो इथे येऊन २००८-०९ला सगळेच्या सगळे ८२ सामने खेळला. स्टाउडमायर गुडघ्याच्या मायक्रोफ्रॅक्चर शस्त्रक्रियेतून परत आलेला.

शॅकचंही तसंच झालं. २००८-०९ला ७५ सामने! सरासरी १७.८ पॉइंट, शॉट पडण्याचं प्रमाण साठ टक्क्यांच्या वर, ऑल स्टार सामना फिनिक्समध्ये झाला त्यात लेकर्सच्या कोबी ब्रायंटबरोबर संयुक्त एमव्हीपी. सदतिसाव्या वाढदिवसाच्या आठवडाभर आधी टोरोंटोविरुद्ध ४५ पॉइंट.

आणि टीम? ४६-३६. प्लेऑफच्या बाहेर.

आमच्या धंद्यात ऑपरेशन यशस्वी, पेशंट गेला असं म्हणतात. इथे पेशंट टुणटुणीत झाला, घरचे आजारी पडले. माझ्याकडे येणारे खेळाडू नेहमी एकच विचारतात, मी कधी खेळू शकेन. माझ्याविना टीमने दोन महिन्यांत काय सवय लावून घेतलीये आणि त्यात मी कुठे बसतो, हे आजवर एकानेच विचारलंय, तोही खो-खोवाला.

---

पेठेतला

२००८-०९चं खापर शॅकवर फोडू नका. डँटोनी न्यूयॉर्कला गेला, टेरी पोर्टर आला आणि त्याने टीमला *मुद्दाम* सावकाश खेळवलं. डिसेंबरात बेल आणि डियाव विकले. फेब्रुवारीत पोर्टरला हाकलून ॲल्विन जेंट्रीला बसवलं, त्याने परत सोडली घोडी मोकळी. लागोपाठ तीन सामन्यांत १४०, १४२, १४०! आणि शॅक टीममध्येच होता बरं का. मग त्याच आठवड्यात स्टाउडमायरच्या डोळ्याचा पडदा सरकला आणि तो मोसमातून बाहेर. म्हणजे शॅक असतानाही पळता येत होतं हे सिद्ध झालं की नाही?

---

डावखुरी

त्या तीनपैकी दोन सामने क्लिपर्सशी होते, तेही त्या वर्षीच्या क्लिपर्सशी. आमच्या सोसायटीनेही शंभर मारले असते.

---

पेठेतला

😄 बरं बरं. तरी १४० म्हणजे १४०.

---

सातच्या_आत_शॉट

अवांतर: शॅकच्या फ्री थ्रोंबद्दल (फाउल झाल्यावर रेषेवरून मिळणारे मोकळे शॉट) कुणी बोललंच नाही! स्पर्सचा कोच पोपोविच त्याला मुद्दाम फाउल करायला लावायचा, बॉल दुसरीकडे असला तरी. त्या मालिकेत निम्मे फ्री थ्रो वाया गेले. विचार करा, जी टीम सात सेकंदांत शॉट मारते तिला दर मिनिटाला उभं राहून एका माणसाला रेषेवर घाम पुसताना बघावं लागतंय. वेगाचा याहून मोठा खून नाही. पुढच्या मोसमात पहिल्याच सामन्यात सुरू होऊन पाच सेकंद होतात न होतात तोच पोपोविचने फिनलीकरवी शॅकला फाउल करवला. शॅक चक्रावून बेंचकडे बघतो तर हा दोन्ही अंगठे वर करून हसतोय. गंमत म्हणून केलेलं ते. शॅकही हसला.

---

गुडघा_उजवा

अवांतर अजिबात नाही, हाच गाभा आहे. वेग फक्त पायात नसतो. शिट्टी वाजली की टीमचा दम परत येतो. *समोरच्या* टीमचाही.

डीमार्कस कझिन्सचं उदाहरणही इथे चपखल बसेल. हाही सेंटर. जानेवारी २०१८ला न्यू ऑर्लीन्स पेलिकन्सकडून खेळताना टाचेमागचं अकिलीस तुटलं. त्याच्याविना पेलिकन्स आणखी जोरात पळायला लागले आणि पहिल्या फेरीत पोर्टलँडला ४-० धुतलं. हा पुढे वॉरियर्सकडे ५३ लाख डॉलरमध्ये गेला, म्हणजे त्याच्या दर्जाला चिल्लर. पहिल्या सामन्यात पंधरा मिनिटांत १४ पॉइंट आणि सहा फाउल! ते सहा फाउल बघून मला इतकं ओळखीचं वाटलं. पाय उशिरा पोचला की हात पुढे जातो. माझ्या परतीच्या सामन्यात मी पहिल्या हाफमध्ये चार केले होते. सरांनी शिव्या घातल्या, मला सांगताच येईना की हात मी घातला नाही, गुडघ्याने घालायला लावला.

---

नाक्यावरची

हा धागा वाचून मी काल रात्री जुने सामने शोधून बघत बसले. शॅक गेल्यावर काय झालं पण?

---

डावखुरी

२००९च्या जूनमध्ये क्लीव्हलँडला दिला. बदल्यात बेन वॉलेस, साशा पावलोविच, ड्राफ्टमधला (नव्या खेळाडूंच्या निवडीतला) एक दुसऱ्या फेरीचा पिक आणि थोडे पैसे. म्हणजे रद्दीचा भाव. आणि पुढच्या मोसमात सेंटरला चॅनिंग फ्राय, रिंगपासून लांब उभा राहून थ्री टाकणारा. टीम ५४-२८, आणि दुसऱ्या फेरीत कोण समोर? स्पर्स. ४-०.

हो. ज्या डंकनसाठी शॅक आणला, त्याला त्यांनी शॅकविना झाडून पाडलं. मग लेकर्सकडून ४-२ हरले ते सोडा. नॅश कधीच फायनल खेळला नाही, ते मात्र सोडवत नाही.

---

पेठेतला

तेव्हा डंकनही दोन वर्षांनी म्हातारा झाला होता, एवढं नोंदवून मी जेवायला जातो.

---

बेंचवरचा (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. माझं मत थोडं हललंय, पांढरीमिशी काकांमुळे. सेंटर चालत नाही असं नाही, त्याला किती मिनिटं आणि कोणतं काम यावर आहे.

आता मूळ मुद्दा. रविवारी सकाळी आठला शेजारच्या फेजशी मॅच आहे. आमच्या सेंटरचा घोटा, सूज उतरलीये, पण जिना उतरताना कठडा धरतो. खेळवू का?

---

फिजिओगिरी

कठडा धरतोय तोवर नाही. रविवारी सकाळी त्याला त्या पायावर एकट्यावर वीस वेळा टाच उचलायला सांगा, मग जागच्या जागी लंगडी, मग आडवं सरकणं. मधे कुठेही चेहरा वाकडा झाला तर पाण्याच्या बाटल्या सांभाळायला द्या.

---

गुडघा_उजवा

आणि पास झालाच तर शेवटची पाच मिनिटं. बॉल आत देऊ नका त्याला. रिबाउंड घेऊ दे, आणि पोरांना सांगा, तो उडाला की मागे न बघता पळत सुटा.

---

बेंचवरचा (धागाकर्ता)

त्याला हा धागा वाचायला दिला. म्हणतो, “मी शॅक की वॉल्टन?” मी म्हटलं, आधी वीस टाचा.